मान वर न करता कळणारी मालिका

आमच्या भागात चार माणसं एका जागी बसली की पाचवा अध्यक्ष होतो. मग सूचक येतो, अनुमोदक येतो, ठराव येतो, आणि ठरावाची प्रत कुणाला तरी निवेदन म्हणून धाडली जाते. ज्याला धाडायची त्याने आमच्या गावाचं नावही ऐकलेलं नसलं तरी चालतं. सीमाभागात जन्मलेल्या माणसाला निवेदन लिहायला शिकवावं लागत नाही, तंबाखूनंतरचा तोच आमचा मोठा धंदा आहे. त्यामुळे आम्ही पाच-सहा जणांनी एका परदेशी अवकाशमालिकेच्या निर्मात्याविरुद्ध ठराव मांडायचं ठरवलं तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. मलाही आलं नाही, हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी इतरांना बरंच हसणार आहे.

मालिका तशी साधी होती. ग्रहाग्रहांवर टपाल पोचवणारं एक जहाज, त्याचा कप्तान आणि त्याची माणसं. पुढे कप्तान बदलले, जहाजं बदलली, मालिकेला फाटे फुटले आणि मारुतीच्या शेपटासारखी ती लांबतच गेली. जिच्या डोक्यातून ती निघाली ती असामी लवकर वारली. मग दुसऱ्या एका माणसाने निर्माता म्हणून सूत्रं हातात घेतली आणि पुढची कितीतरी वर्षं सोडलीच नाहीत. या माणसावरून जगभरच्या चाहत्यांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, हा नसता तर मालिका पहिल्या कर्त्याबरोबरच सरणावर गेली असती. दुसरा म्हणतो, गेली असती तर बरं झालं असतं.

आमचं मंडळ महिन्यातून एका रविवारी बेळगावात एका खानावळीच्या वरच्या खोलीत बसायचं. अध्यक्ष हिंडलग्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी आयुष्यभर कर्जाच्या अर्जांवर जी भाषा वापरली तीच अवकाशाला लावली होती. एखाद्या ग्रहावर युद्ध का पेटलं यावर दोघं हमरीतुमरीवर आले की ते म्हणायचे, "सदर विषय पुढच्या बैठकीत घेऊया की." दुसरे चिकोडीचे दातांचे डॉक्टर. निर्मात्याचं नाव निघालं की यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची. मूळ दात ठणठणीत होता, या माणसाने उगाच खरवडून त्यावर टोपी बसवली, हा त्यांचा एकमेव मुद्दा, आणि तो ते दर बैठकीत तितक्याच संतापाने मांडत. तिसरी कंग्राळीची एक मुलगी, घरी बसून सॉफ्टवेअर कंपनीचं काम करणारी. तिने एक तक्ता केला होता. कोणत्या वर्षी किती भाग चांगले, किती वाईट, किती बरे. वाईट कोणी ठरवले, तर तिने. बाकीचे दोघं-तिघं चहा येईपर्यंत एका बाजूचे असत आणि चहा आल्यावर दुसऱ्या बाजूचे.

यांच्यापैकी एकाने उभ्या जन्मात शाळेच्या गॅदरिंगचं नाटकसुद्धा बसवलेलं नव्हतं. पण हजारो मैलांवरच्या त्या माणसाने कोणत्या साली कोणता कप्तान नेमायला हवा होता, हे यांना त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. उंटावरून शेळ्या हाकायला उंट तरी लागतो, यांच्याकडे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या.

आणि मी? मी इंजिनियरिंग कॉलेजात शिकवतो, त्यामुळे मंडळात "सर". मी निर्मात्याचा वकील होतो. माझ्याकडे एकच मुद्दा होता, पण तो हुकमी होता. मी म्हणायचो, "या माणसाच्या काळातले भाग मान वर न करता कळतात. पडद्याकडे न बघता, नुसत्या कानांनी. इतकं पक्कं लेखन दुसऱ्या कुणाच्या काळात झालंय, दाखवा." डॉक्टरांची शीर उडायची आणि ते पुन्हा दातावर यायचे. कंग्राळीच्या मुलीने हे वाक्य इंग्रजीत करून चाहत्यांच्या कुठल्याशा संकेतस्थळावर टाकलं आणि कुठकुठल्या देशांतल्या लोकांनी त्याला माना डोलावल्या. तेव्हापासून अण्णा नव्या माणसाला माझी ओळख करून द्यायचे ती "मान वर न करतावाले सर" अशीच. मंडळात माझी जी काही पत होती ती या एका वाक्यावर उभी होती.

आणि ते वाक्य माझं नव्हतं. ते माझ्या आईचं होतं.

आई निपाणीत घरी बसून बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पानं. दुपारी केबलवर ही मालिका हिंदीत लागायची. मी शाळेतून यायचो, दप्तर टाकायचो आणि टीव्हीसमोर फतकल मारायचो. मागून कात्रीचा आवाज यायचा, सुपावर बिडी आपटल्याचा आवाज यायचा. मी सातवी-आठवीत असताना एकदा ती मागूनच म्हणाली, "हल्ली ह्यात मान वर करावी लागत न्हाय बग. नुस्तं ऐकलं तरी भागतंय." मी हं म्हटलं असेन. तेही म्हटलं की नाही, कोण जाणे. पुढे कित्येक वर्षांनी मी वाचलं की नेमक्या त्याच सुमाराच्या भागांपासून नव्या निर्मात्याने कारभार हातात घेतला होता. मी थक्क झालो. निर्माता म्हणजे काय हे माहीत नसलेल्या बाईने नुसत्या कानांनी तो बदल पकडला होता.

मग मी काय केलं? ते वाक्य धुतलं, इस्त्री केली आणि बेळगावला घेऊन गेलो. पहिल्यांदा म्हणालो, "एक जाणकार प्रेक्षक म्हणायचे." दुसऱ्यांदा म्हणालो, "मी नेहमी म्हणतो." तिसऱ्यांदापासून काही म्हणायची गरजच उरली नाही. मंडळात कधी आईचा विषय निघाला तर मी सांगायचो, आई घरीच असायची. ते खोटं नव्हतं. ती घरीच असायची, फक्त बिड्या तेवढ्या मी गाळायचो. इतरांना उंटावरचे शहाणे म्हणताना मी स्वतः आयत्या बिळावरचा नागोबा होतो, हे मला पक्कं माहीत होतं.

मग एके दिवशी बातमी आली, की मालिका नव्याने सुरू होणार आणि त्या म्हाताऱ्या निर्मात्याला सल्लागार म्हणून परत बोलावणार. डॉक्टरांनी त्याच रात्री मंडळाच्या ग्रुपवर निवेदनाचा मसुदा टाकला. या माणसाला मालिकेजवळ फिरकू देऊ नये, आम्ही सीमाभागातील समस्त चाहते तीव्र निषेध करतो. समस्त म्हणजे सहा. अण्णांनी लगेच नियम काढला, की असा ठराव वार्षिक सभेतच मांडता येतो. आणि वार्षिक सभा यंदा निपाणीला, सरांच्या नव्या घरी घ्यावी, असंही सुचवलं. डॉक्टरांनी अनुमोदन दिलं, कारण चिकोडीहून निपाणी जवळ. मला नाही म्हणता येईना.

मी रविवारी सकाळी दहाची वेळ ठरवली. रविवारी आई विहारात वंदनेला जाते आणि तिथून बायकांशी बोलत बोलत बारा वाजेपर्यंत परत येत नाही. ती सभेत काही वावगं बोलेल अशी मला भीती नव्हती. ती माझं वाक्य बोलेल, याची भीती होती. पस्तिशी उलटलेला माणूस, स्वतःच्या घरात, आई बाहेर असेल अशी वेळ बघून पाहुणे बोलावतो! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय वेगळं असतं?

अण्णा येताना फ्लेक्स घेऊन आले. त्यावर निर्मात्याचा रंगीत चेहरा आणि खाली "वारसा की ऱ्हास?" असा सवाल. तो त्यांनी माझ्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, सुतळीने बांधला. सहा माणसांसाठी त्यांनी छोटा माईकही आणला होता. त्यात एकदा फूं करून ते म्हणाले, "सभेचं कामकाज चालू झालं असं मी जाहीर करतोय." बंद खोलीत हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तो अभिमानाचा नव्हता.

डॉक्टर वीस मिनिटं बोलले. दात, हिरड्या, टोपी सगळं येऊन गेलं. कंग्राळीच्या मुलीने तक्ता दाखवला. तक्त्यात तिच्या जन्माआधीचे भागही वाईट निघाले होते. मग माझी पाळी आली. मी चार पानं टाइप करून ठेवली होती. पहिल्या पानाच्या दुसऱ्या परिच्छेदात ते वाक्य होतं. मी नुकतं "या निर्मात्याच्या काळातला कोणताही भाग घ्या" इतकं वाचलं होतं, तेवढ्यात दार वाजलं आणि आई आत आली.

"तिथल्या बायका म्हणाल्या, घरात पावणं आल्यात आन् तू हितं काय बसलीयास," चपला काढत ती म्हणाली. मग तिची नजर फ्लेक्सवर गेली. "ह्यो कोण रं? विलेक्शनला उभारलाय व्हय?"

कंग्राळीची मुलगी खुदकन हसली. तिनेच उठून आईला खुर्ची दिली आणि सांगितलं, "काकू, ती टपालाच्या जहाजाची मालिका होती न्हवं, ती ह्यांनी काढलेली." आई खुर्चीच्या कडेला बसली. मी तिथेच थांबायला हवं होतं. पाणी आणतो, चहा टाकतो, काहीही सांगून उठायला हवं होतं. पण माईक हातात होता आणि समोर डॉक्टर छद्मीपणे हसत होते. मी वाचत राहिलो. वेग वाढवला, जणू भरभर वाचलं तर तिला ऐकू येणार नव्हतं. मान वर न करता, नुसत्या कानांनी, इतकं पक्कं लेखन. सगळं वाचलं आणि बसलो.

टाळ्या पडल्या. मुलीने आईकडे वळून विचारलं, "काकू, तुमी पण बघत होता काय?"

"बगत कुठली? ऐकत हुते," आई म्हणाली. "ह्येनं आत्ता वाचलं ते मीच म्हटलंतं त्येला. मान वर करावी लागत न्हाय म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगून टाकायला मला तेवढाच एक क्षण मिळाला होता. मी हसलो आणि म्हणालो, "आमच्या घरात यावर चर्चा होत असते."

"चर्चा कवा झाली रं?" आईने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच आठवत नव्हती. मग ती अण्णांकडे वळली. "आन् मी कुठं त्येला चांगलं म्हटलंतं? मी शिवी दिलती. ह्येनं तिचा हार करून त्या माणसाच्या गळ्यात घातला."

माझे कान तापले. वाक्य चोरलं होतं इथवर माझी मला कल्पना होती. पण ते उलटं चोरलं होतं, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

"आक्का, जरा इस्कटून सांगा की," अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात बँक नव्हती.

"काय सांगायचं? मी बिड्या वळायची. नजर हातावर आन् कान टीव्हीकडं. आदी बरं असायचं. मधनंच समदी गप व्हायची. गप झाली की वाटायचं, काय झालं म्हणून, आन् मान वर करायची. एकदा त्या कप्तानाच्या हातात चिट्टी आली, त्येच्याच घरची. समद्यांची टपालं वाटणारा माणूस, आन् त्येला चिट्टी आली. त्यो वाचून नुस्ता उभारला. कोण कायबी बोललं न्हाय. मी बी पान हातात धरून तशीच बसले. त्या दिवशी माझ्या लई बिड्या छाट गेल्या." मग मुलीला कळावं म्हणून तिने सांगितलं, की सैल, वाकड्या बिड्या कारखान्यात बाजूला काढतात, ती छाट. "पुढं पुढं समदी नुस्ती बोलायच लागली. रडाय आलं तरी सांगायची, मला रडाय आलंय म्हणून. त्येनंच सांगितल्यावर मी मान कशाला वर करायची?"

पंचवीस वर्षांच्या वादात इतकं नेमकं कोणी बोललं नसेल. निदान आमच्या मंडळात तरी कोणी बोललं नव्हतं. मुलीने तिचा तक्ता दुमडून पिशवीत टाकला. डॉक्टर मात्र आनंदाने उभेच राहिले. "ठरावाच्या सूचक आई! माझं अनुमोदन!" त्यांनी निवेदनाचा कागद आईपुढे धरला, पेनाचं टोपण काढून दिलं.

"कशावर सही?" आईने विचारलं.

"ह्या माणसाला परत कामावर घेऊ नये म्हणून."

आईने पेन परत दिलं. "मी न्हाय करायची. मला त्येचं आवडलं न्हाय, ते येगळं. त्येनं वरसानुवरसं रोजच्या रोज काढून दिलं. रोजच्या रोज द्यायचं म्हटल्यावर छाट निगतीच. तुमच्यातलं कोण बसलंय कवा सूप घेऊन? त्येच्या हातातलं काम काढून घ्या म्हणून मी कुणाला सांगणार न्हाय."

डॉक्टर खाली बसले. अण्णांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब केला. आईने उप्पीट केलं, सगळ्यांनी दोनदा घेतलं. जाताना अण्णांनी तिच्या पाया पडल्यासारखं केलं. माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही. डॉक्टरांनी तेवढं पायरीवरून मागे वळून विचारलं, "सर, तुमचं स्वतःचं मत काय आहे मग?" चिकोडीच्या त्या दातवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा बिनतोड मुद्दा सापडला, तो नेमका माझ्या दारात.

ते गेल्यावर मी बराच वेळ धुसफुसत बशा विसळत होतो. मला आईचा राग आला होता. माझं हसं झालं, माझी पत गेली, आणि तीही हिच्यामुळे, असलं काहीबाही डोक्यात चाललं होतं. दुसऱ्याचा माल परत मागितला गेला म्हणून चोर रागावतो, इतका मी क्षुद्र झालो होतो. ती आत भाजी निवडत बसली होती. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "इतकं जर आवडत नव्हतं, तर इतकी वर्षं टीव्ही चालू कशाला ठेवायचीस?"

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "टीव्ही हुता म्हणून तू शाळंतनं आलास की घरात बसायचास. बंद केला असता तर गेला असतास भटकाय."

"आणि तू?"

"मी काय. कटाळा आला की मान वर करायची. टीव्हीत बगण्यासारखं काय नसायचं, मग तुझी पाठ बगायची." तिने मेथीची एक काडी मोडली. "लई वरसं बगितली. तू काय एकदाबी वळला न्हाईस."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. बिड्यांबद्दल सांगितलं होतं तितक्याच सहज तिने हे सांगितलं, आणि म्हणूनच मला ते सहन होईना. त्या जहाजात कप्तानाची खुर्ची कुठे होती, टपालाच्या थैल्या कुठे टांगत, खालच्या मजल्यावर जायला किती पायऱ्या होत्या, हे मी आजही झोपेतून उठून सांगेन. आमची तर एकच खोली होती. त्या खोलीत आई कुठे बसायची, दाराशी की चुलीशी, हे मी आठवून पाहिलं. कात्रीचा आवाज आठवला, सूप आठवलं, पण जागा काही केल्या आठवेना. माझी मलाच शरम वाटली. शेवटी तिलाच विचारलं.

"खिडकीखाली की, उजेडाला," आई म्हणाली. "टीव्हीवर उजेड पडतोय म्हणून तू येऊन पडदा ओढायचास न्हवं, त्या खिडकीखाली."